अंबूमावशीच्या पोटाचे दोन फोटो

माझी अंबूमावशी भांडखोर होती. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली आमच्या घरात तिचं नाव निघालं की "फार सोशिक हो", "अगदी देवमाणूस" असं लोक म्हणू लागले आहेत. माणूस गेलं की त्याला सोशिक ठरवायचं, म्हणजे त्यानं आपल्याला ऐकवलेलं सगळं विसरता येतं. मावशीनं काहीही सोसलं नाही. आमच्या कानडी संस्थानात, नजरबादच्या आमच्या गल्लीत नळावर तिची घागर पहिली असे आणि ती मागे सरकव म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तिचा नवरा महाराजांच्या रिसाल्यात सवार होता. पहिल्या महायुद्धात तो मिसरकडे गेला तो परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला मागची एक खोली दिली आणि सकाळ-संध्याकाळ उपदेश दिला. वर्षभर तिनं तो ऐकला, मग एक दिवस पदर खोचून मोठ्या दवाखान्यात आया म्हणून लागली. मराठ्याची बाई, जिनं घोशातून पाऊल बाहेर टाकायचं नाही, ती परक्यांची घाण काढते म्हणून भाऊबंदांनी तिच्याशी बोलणं टाकलं. "बरं झालं," मावशी म्हणायची, "तेवढाच कानांना आराम."

दवाखान्यात क्ष-किरणांचं यंत्र आलं तेव्हा बाकीच्या आया त्या खोलीत पाय ठेवायला तयार नव्हत्या. त्या उजेडानं कूस वाळते अशी बोलवा होती. मावशी म्हणाली, "माझी वाळून कधीच झाली. मी जाते." अशी ती त्या खोलीची झाली. बायकांना यंत्राखाली झोपवायचं, श्वास धरायला सांगायचं, अंधाऱ्या खोलीत धुतलेले फोटो चिमट्याला लावून वाळत घालायचे, हे तिचं काम. यंत्र चालवायचा वेंकोबा. जातीनं शिंपी, स्वभावानं भित्रा, पण हाताचा फार साफ. पुढची हकीकत मला या दोघांनीच सांगितली. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की मावशी स्वतःचा आवाज चढवून सांगायची आणि वेंकोबा तो उतरवून.

सन एकतीसची गोष्ट. पित्ताच्या पिशवीचा फोटो काढायची विद्या तेव्हा आमच्याकडे नवी होती. हाडाचा फोटो सरळ निघतो, पिशवीचा निघत नाही, कारण ती किरणांना दिसतच नाही. म्हणून रोग्याला संध्याकाळच्या जेवणानंतर एक जांभळट पूड कोडगूच्या संत्र्याच्या रसात कालवून द्यायची. ती रक्तात जाते, तिथून यकृतात, आणि पित्ताबरोबर उतरून पिशवीत साठते. सकाळी फोटो घेतला की उजव्या बरगडीखाली कोवळ्या वांग्याएवढी पांढरी सावली उमटते. आत खडे असले तर तेही दिसतात. मग रोग्याला लोणी किंवा साय खायला घालून दुसरा फोटो घ्यायचा, कारण स्निग्ध पदार्थ पोटात गेला की पिशवी आवळते आणि आतलं पित्त बाहेर टाकते. विलायती पुस्तकात त्यासाठी अंडी लिहिली होती. आमच्या दवाखान्यातल्या निम्म्या बायका ते ऐकूनच उठून गेल्या असत्या, म्हणून मावशीनं आपल्याच अधिकारात लोणी सुरू केलं होतं.

पूड देण्याच्या संध्याकाळी मात्र तूप, तेल, लोणी वर्ज्य. तसं प्रत्येकाला बजावून सांगितलं जाई. आणि सगळं पाळूनही सकाळी सावली उमटलीच नाही, तर पिशवीत पूड शिरत नाही, म्हणजेच पिशवी नासली आहे, असा निकाल होता. नासली असेल तर कापून काढायची.

हा निकाल देणारे डॉक्टर हयग्रीव. हुशार माणूस, हात चांगला, पण आपण म्हणू ते शास्त्र. आदल्या श्रावणात त्यांनी कमलाक्षी नावाच्या एका मुलीचं पोट उघडलं होतं. तिचे दोन्ही फोटो रिकामे आले होते. आत पिशवी निघाली स्वच्छ. मावशी तेव्हा दाराशी तसराळं घेऊन उभी होती आणि "पिशवी तर चांगली आहे" असं डॉक्टर आपल्या हाताखालच्या माणसाला म्हणाले ते तिनं ऐकलं होतं. चौथ्या दिवशी कमलाक्षी तापानं गेली. नातेवाइकांना सांगण्यात आलं की आणायला उशीर झाला. मावशी गप्प बसली आणि त्या गप्प बसण्याचा राग तिला वर्षभर येत होता.

अशात गोदावरीबाई आल्या. सव्वीस वर्षांच्या, देशस्थ घरातल्या. नवरा श्रीनिवासराव राजवाड्याच्या कचेरीत कारकून. घरी मराठीच, पण आम्हा सगळ्यांसारखी कन्नडनं निम्मी भरलेली. जेवल्यावर पोटात कळ उठे आणि ती पाठीपर्यंत जाई. पहिला फोटो रिकामा. आठवड्यानं पुन्हा पूड देऊन दुसरा ठरला.

मावशीला लिहिता-वाचता यायचं नाही, पण कोणता फोटो कोणत्या बाईचा हे तिच्या ध्यानात राहत असे. वाळत घालताघालता तिच्या लक्षात आलं होतं, की धर्मार्थ वॉर्डात दवाखान्याचा भात आणि नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेला गोळा, खाणाऱ्या बायकांच्या पिशव्या बहुतेक छान उमटतात. रिकामे फोटो येतात ते ज्यांचे डबे घरून येतात त्यांचे. आता श्रीमंतांच्याच पिशव्या नासतात असं तर काही नाही. हे तिनं वेंकोबाला सांगितलं. वेंकोबा म्हणाला, "सुम्मने, गप्प बस की अंबक्का. आपल्याला काय करायचंय?"

गोदावरीबाईंचा डबा त्यांच्या सासूबाई, वेदवतीबाई, स्वतः सोवळ्यात घेऊन येत. पितळी डबा, केळीचं पान, सगळं घरचं. जेवण वाढताना खाटेभोवती पडदा ओढायचा, कारण ताटावर परक्याची दृष्टी पडता कामा नये. त्यातून मावशीची तर नकोच. दुसऱ्या फोटोच्या आदल्या संध्याकाळी मावशीनं पडद्याबाहेरून विचारलं, "अम्मा, तूप नाही ना वाढलं?"

"नाही गं. डाक्टरांनी बेड, नको म्हणून सांगितलंय ना?"

मावशीनं पडदा बोटभर सरकवला आणि आत पाहिलं. ही तिची चोरी, आणि ती तिनं कधी नाकारली नाही. पानावर भाताची मूद होती आणि वेदवतीबाई लहान पळीनं तिच्यावर तूप सोडत होत्या. वरण वाढलं, पुन्हा पळी. सारू, म्हणजे पातळ सार, वाढलं, पुन्हा पळी.

"हे काय, अम्मा?" मावशी पडद्यातून आतच शिरली.

वेदवतीबाई केवढ्यानं तरी ओरडल्या. "अय्यो देवा! आत कशी आलीस? दृष्ट पडली ना पानाला!"

"तूप नाही म्हणालात ना?"

"ते तूप कुठलं? ती अन्नशुद्धी. शुद्धी घातल्याशिवाय भात पानावरून उचलायचा कसा?"

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मावशीला तिथल्या तिथे कळलं. त्यांच्या लेखी तूप म्हणजे पोळीवर घेतात ते, लाडवात घालतात ते. भातावरची पळी हे खाणं नव्हे, तो भात खाण्याजोगा करण्याचा विधी. आज पाणी किती प्यायलात, असं कुणी विचारलं तर चूळ भरलेलं पाणी कुणी मोजत नाही, तसं ते. कमलाक्षीही असल्याच घरातली होती.

सकाळी फोटो रिकामा आला. डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी दहा वाजता ऑपरेशन ठरवलं. मावशी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि पळीची हकीकत सांगितली.

"एन अम्मा इदु," डॉक्टर हसले. "हे काय काढलंस? चमचाभर तुपानं एवढं होतं?"

"चमचा नव्हे, तीन पळ्या. मी मोजल्या, स्वामी. सकाळी आपणच लोणी चारून पिशवी रिकामी करतो. मग संध्याकाळचं तूप काय पिशवीला ओळखू येत नाही?"

"त्यांना मी स्वतः विचारलंय. तूप घेतलं नाही म्हणाल्या. सुशिक्षित घरचे लोक आहेत ते. तू फोटो वाळत घाल."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती म्हणायची, मला आया म्हणाले असते तर चाललं असतं, पण त्यांनी सुशिक्षित म्हणून सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

शनिवारी तिनं वेंकोबाला अंधाऱ्या खोलीत गाठलं. पुडीच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असे. काय हवंय हे कळल्यावर तो खालीच बसला. दोघांची नोकरी जाईल, पूड बाधली तर जीव जाईल, असं बरंच काही म्हणाला. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कमलाक्षीला यंत्राखाली कुणी झोपवलं होतं?" मग त्यानं किल्ली दिली.

मावशी तेव्हा आमच्याकडे राहायची आणि आमच्या घरी तूप सणावारी दिसायचं. मावशी बाजारात जाऊन पावशेर तूप घेऊन आली, भात केला, वेदवतीबाईंच्या हिशेबानं तीन पळ्या घातल्या आणि जेवून पूड प्यायली. पूड भयंकर. पहाटेपर्यंत तिला मळमळत होतं, पण उलटी होऊ द्यायची नाही म्हणून ती दात आवळून भिंतीला टेकून बसली. रविवारी सकाळी दवाखाना सामसूम असताना वेंकोबानं तिचा फोटो घेतला. एरवी हे सांगायचं काम तिचं, त्या दिवशी त्यानं भीतभीत म्हटलं, "श्वास धर, अंबक्का." फोटो रिकामा आला.

दिवसभर पोटाला विश्रांती देऊन सोमवारी संध्याकाळी तिनं नुसता भात आणि सारू खाल्लं. तूप नाही, फोडणीसुद्धा नाही. पुन्हा पूड. मंगळवारी सकाळी वेंकोबानं फोटो द्रावणातून वर उचलला आणि लाल दिव्याखाली धरला. बरगडीखाली पिशवी होती. भरलेली, कडा स्वच्छ, एकही खडा नाही. वेंकोबा सांगतो की मावशी तेव्हा रडली. मावशी म्हणायची, द्रावणाची वाफ डोळ्यांत गेली.

दहा वाजता डॉक्टर हयग्रीव हाताखालच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन फोटो पाहायला आले. उजेडाच्या पेटीवर वेंकोबानं एक फोटो लावला.

"रिकामा," डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले. "पाहा, सावलीचा मागमूस नाही. पिशवी निकामी झालेली आहे. हिलाही कापावं लागेल. कोणाचा हा?"

"माझा," मावशी म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं ही मध्येच काहीतरी बोलते आहे. त्यांनी दुसरा लावायला सांगितलं. "हं, ही बघा निरोगी पिशवी. उत्तम भरलेली. हा कोणाचा?"

"तोही माझाच. रविवारचा तुपाचा, आजचा बिनतुपाचा. वयाच्या पंचेचाळीस वर्षांत माझं पोट एकदा दुखलं नाही, स्वामी. पण तुम्ही म्हणता तर कापा. गुरुवारी दोन टेबलं मांडा, एकावर मी झोपते. आधी मला उघडा, मग त्या पोरीला."

विद्यार्थी जमिनीकडे पाहू लागले. डॉक्टर पांढरे पडले, मग लाल झाले. पूड चोरली, सरकारी यंत्र वापरलं, आजच्या आज दोघांना काढून टाकतो, असं सगळं त्यांनी कन्नडमध्ये आणि इंग्रजीत म्हणून घेतलं. वेंकोबा हात जोडून उभा. मावशी जागची हलली नाही.

"काढा की. मी कुठे नाही म्हणते? पण तिचा तिसरा फोटो घ्या, आणि मग काढा. कमलाक्षीच्या वेळी मी तोंड उघडलं नाही. या वेळी नजरबादपासून राजवाड्याच्या दारापर्यंत ओरडत जाईन."

कमलाक्षीचं नाव त्या खोलीत वर्षभरात कुणी काढलं नव्हतं. डॉक्टर खुर्चीवर बसले. म्हणाले, "पण ते लोक तूप नाही म्हणाले. खोटं का बोलतील?"

"खोटं नाहीच बोलले. काल रात्री तुम्ही तूप खाल्लंत?"

"नाही. रात्री मी तूप घेत नाही."

"घरी जाऊन विचारा."

डॉक्टर दुपारी जेवायला घरी गेले. तिथे पानावर काय झालं, त्यांनी बायकोला काय विचारलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. परत आले ते सरळ क्ष-किरणांच्या खोलीत, आणि वेंकोबाकडे पाहत म्हणाले, "उद्या संध्याकाळी गोदावरीबाईंना पुन्हा पूड. गुरुवारी सातला फोटो. रिकामा आला तर दहाला टेबल." मावशीकडे त्यांनी पाहिलं नाही. तिची नोकरी गेली की राहिली, हेही सांगितलं नाही.

बुधवारी दिवेलागणीला वेदवतीबाई डबा घेऊन आल्या. डॉक्टर स्वतः पडद्याबाहेर उभे राहून कन्नडमध्ये म्हणाले, आज अन्नशुद्धीसुद्धा नको. वेदवतीबाईंनी पळी खाली ठेवली नाही.

"अन्नशुद्धी नको म्हणजे? बिनतुपाचा भात सुतकात जेवतात, डाक्टर. माझी सून सुवासिनी आहे. उद्या तिच्या पोटाला सुरी लागायची आणि आज मी तिला सुतकाचं जेवण वाढू? माझ्या हातानं? नाही होणार. कापायचं तर कापा, पण असलं अभद्र मी करणार नाही."

हे त्या रागानं बोलत होत्या, पण रडतही होत्या. सुनेवर त्यांचा जीव होता, आणि त्याच जीवापायी त्या तिला मारायला निघाल्या होत्या. श्रीनिवासराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते. "अम्मा म्हणते ते... म्हणजे डाक्टरांचंही..." एवढंच त्यांना सुचलं. डॉक्टर घड्याळ पाहू लागले. त्यांच्या घरचीही रीत तीच होती, ते काय बोलणार? मावशी पडदा मुठीत धरून उभी होती. ही एकच जागा अशी होती जिथे ती काहीही करू शकत नव्हती. तिनं पळी हिसकावली असती तर सगळं जेवण विटाळलं असतं आणि गोदावरीबाई उपाशी राहिल्या असत्या, वर दोष मावशीचा.

इतके दिवस गोदावरीबाई कुणाशी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. कळ आली की उशीत तोंड घालायच्या. त्या उठून बसल्या, पान पुढे ओढलं आणि सासूबाईंची पळी खाली आली तशी भातावर आपला हात आडवा धरला. दोन थेंब हातावर पडले ते त्यांनी पदराला पुसले.

"अत्ते, उद्या मी टेबलावर गेले, तर तुम्ही सगळे दहा दिवस बिनतुपाचा भात जेवाल. आज एक संध्याकाळ मी जेवते. वाढू नका."

गोदावरीबाईंनी नुसता भात सारूत कालवला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. मग मावशीकडे हात पुढे केला. मावशीनं पुडीचा पेला दिला.

गुरुवारी सातला फोटो झाला. वेंकोबा धूत होता आणि मावशी त्याच्या खांद्यावरून पाहत होती. सावली आधी धुरकट आली, मग दाट झाली. पिशवी पूर्ण भरलेली होती. आत काही नव्हतं. मावशी फोटो वाळायची वाट न पाहता तशीच ओल्या हातांनी बायकांच्या वॉर्डात गेली. रोग्याला निकाल आयानं सांगायचा नाही असा दवाखान्याचा कडक नियम होता.

"भरली," ती दारातूनच म्हणाली. "पिशवी चांगली आहे बाई. तुम्हाला आज कुणी हात लावणार नाही."

मागून डॉक्टर येत होते. "तुला कुणी सांगायला सांगितलं?"

"मी आधी पाहिलं," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला, गुरुवारच्या यादीतलं नाव खोडलं आणि श्रीनिवासरावांना सांगितलं की दुखणं जठराचं दिसतं, महिनाभर दुधावर ठेवून पाहू. मग थोडं थांबून ते मावशीला म्हणाले, "लोण्यानंतरचा फोटो बाकी आहे. यांना स्निग्ध काहीतरी द्या." यादी त्यांनी तिच्याच हातात दिली, वाचता येत नाही हे माहीत असून.

मावशी लोणी आणायला वळली, तोच वेदवतीबाईंनी आपला डबा उघडला. रात्रभर त्या वऱ्हांड्यात बसून होत्या. त्यांनी पान मांडलं, भात वाढला आणि तुपाचं भांडंच त्यावर उपडं केलं. तूप पानाबाहेर ओघळलं, तरी त्या थांबेनात. गोदावरीबाई हसतही होत्या आणि खातही होत्या. पडदा ओढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि मावशी तिथेच उभी राहून पाहत होती. पुढे दहा वाजले, तेव्हा पलीकडच्या खोलीत ऑपरेशनचं टेबल रिकामं होतं.